कॅम्पिंगची छोटी ट्रॉली घेताय? आधी अंथरुणं मोजा, मग वळण

काजव्यांचा हंगाम आला की भंडारदरा, घाटघर, रतनवाडी भागात तंबूंची रांग लागते. मे अखेर ते जूनचा पहिला पाऊस, एवढ्या दिवसांत मुंबई, पुणे, नाशिकची गर्दी अकोले तालुक्यात उतरते. या गर्दीत गाडीमागं जोडून आणलेली छोटी 'राहायची ट्रॉली' आता मधूनमधून दिसू लागली आहे. इंग्रजीत कॅम्पिंग ट्रेलर, सरकारी कागदात कॅरॅव्हान. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटन धोरण आणलं, त्यात मोटारीसारख्या चालणाऱ्या गाड्यांबरोबर अशा ओढायच्या ट्रॉल्याही धरल्या आहेत. त्याआधी २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आलं होतं. त्यामुळं आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या मनातही हा विषय घोळतोय.

विचार साधा असतो. मे महिन्यात घरच्यांना घेऊन गणपतीपुळे, तुळजापूर, अक्कलकोट करून यायचं. लॉजचे दोन दोन खोल्यांचे पैसे वाचवायचे. डाळिंब, द्राक्षं किंवा कांदा रानात असला की तीच ट्रॉली राखणीला शेतात उभी करायची. आणि जमलं तर हंगामात पाहुण्यांना भाड्यानं द्यायची. विचार वाईट नाही. पण ट्रॉली बघायला गेलं की माणूस आतला ओटा, नळ, रंगीत दिवे, टीव्ही बघतो आणि ॲडव्हान्स देऊन येतो. घरी आणल्यावर दोन गोष्टी कळतात. आजीला झोपायला जागा नाही, आणि वस्तीच्या वळणावर ट्रॉली वळत नाही.

या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात, हेच मुळात समजून घ्यायचं आहे. झोपायला जागा वाढवायची तर लांबी वाढते. लांबी वाढली की वळण अवघड होतं. म्हणून घ्यायच्या आधी दोनच मापं घरून लिहून न्यायची: आपली अंथरुणं किती आणि आपलं सर्वात अरुंद वळण किती. बाकी सगळं नंतर.

अंथरुणांचा हिशेब

जाहिरातीत 'चार जण झोपतात' असं लिहिलेलं असतं. ते चार जण कोण, हे लिहिलेलं नसतं. दोन मोठी माणसं आणि दोन लहान पोरं झोपणं वेगळं, आणि आई-वडील, आजी आणि दहावीतला मुलगा झोपणं वेगळं.

मोठ्या माणसाला किमान दोन फूट रुंदी लागते, नीट झोप हवी तर अडीच फूट. लांबी सव्वासहा फूट धरा. म्हणजे नवरा-बायकोला चार ते पाच फुटी पलंग. दहा वर्षांच्या आतल्या पोराला दोन बाय पाचचा फळीचा पलंगही चालतो. पण पोरं वाढतात. आज सातवीत असलेला मुलगा तीन वर्षांनी बापाच्या खांद्याला लागतो, ट्रॉली मात्र दहा वर्षं वापरायची असते. त्यामुळं पोरांचं माप आजचं नाही, पुढचं धरायचं.

छोट्या ट्रॉलीत बहुतेक वेळा पलंग आडवा असतो, म्हणजे ट्रॉलीच्या रुंदीत. बाहेरून रुंदी साडेसहा फूट असेल तर दोन्हीकडच्या भिंती वजा जाऊन आत सहा फुटांच्या आसपास उरते. घरातला सर्वात उंच माणूस तिथं पाय दुमडून झोपणार. दुकानात लाज न धरता त्याला आडवं पडून बघायला लावा. पाच मिनिटं पडला की खरं कळतं.

वयस्कर माणसांचा विचार वेगळा करा. वरच्या फळीवर चढायची शिडी आजीला जमणार नाही. रात्री दोनदा उठावं लागतं, तर तिचं अंथरूण खाली आणि दाराजवळ हवं, दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागू नये. गुडघे दुखणाऱ्याला दाराची पायरी एक फुटापेक्षा उंच असली की त्रास होतो, मधे एक जादा पायरी लागते. पहाटे सगळ्यांच्या आधी उठणारा माणूसही दाराकडं झोपला पाहिजे, नाहीतर पाचला सगळं घर जागं.

तिसरी गोष्ट म्हणजे टेबलाचा पलंग. छोट्या ट्रॉलीत दिवसा जेवायचं टेबल आणि दोन बाकं असतात, रात्री टेबल खाली घेऊन त्यावर गाद्या टाकल्या की पलंग होतो. कल्पना चांगली आणि जुनी आहे. कॅनडातल्या विनिपेग शहरात १९६८ साली रे ओलेको नावाच्या माणसाने 'बोलर' नावाची १३ फुटी फायबरची ट्रॉली काढली. हा माणूस त्याआधी फायबरची सेप्टिक टाकी बनवून बसला होता. टाकी जशी दोन अर्ध्या भागांची जोडतात, तशीच त्याने वरचा आणि खालचा भाग जोडून घर केलं. हलकी, गळती नाही, आणि टेबल-बाकांचे पलंग करून १३ फुटांत चौघांची सोय. आजही छोट्या ट्रॉल्यांचा नकाशा बराचसा तोच आहे. पण त्यातली अडचणही तीच आहे. एकाला झोप आली तरी दुसऱ्यांचं जेवण उरकेपर्यंत पलंग होत नाही, आणि पाऊस लागला तर दिवसभर बसायचं कुठं हा प्रश्न उरतो. म्हणून एक तरी पलंग कायमचा हवा, लहान पोरं किंवा म्हातारी माणसं असतील तर नक्कीच.

कोणता प्रकार कुणासाठी

बाजारात ढोबळ चार प्रकार आहेत.

पहिला, थेंबाच्या आकाराची छोटी ट्रॉली, ज्याला टिअरड्रॉप म्हणतात. आत फक्त पलंग, मागचं झाकण उघडलं की स्वयंपाकाचा ओटा. ओढायला, वळवायला सर्वात सोपी. पण दोनच माणसं. घर न्यायचं असेल तर ही नाही. शेतात राखणीला मात्र उत्तम.

दुसरा, वर तंबू असलेली ट्रॉली. खाली सामान, वर घडीचा तंबू. पोरं खूश होतात. पण शिडी आहे, म्हणजे आजी-आजोबा बाद.

तिसरा, घडीची ट्रॉली. रस्त्यावर असताना आठ-दहा फुटी पेटी, जागेवर उघडली की दोन्ही बाजूंना कापडी पंख्यांसारखे पलंग बाहेर येतात. चालवताना लहान, झोपताना मोठी. पाच-सहा माणसांच्या घराला कमी लांबीत जास्त अंथरुणं हीच देते. बुटकी असल्यामुळं वारा कमी धरते आणि बाभळीच्या फांद्यांनाही अडकत नाही. याचा तोटा कापडाचा. घाटमाथ्यावरच्या पावसात कापड ओलं झालं आणि तसंच घडी करून घरी आणलं, तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवलंच पाहिजे. नाहीतर बुरशी धरते आणि वास जात नाही. उघडायला, मिटायला वेळ लागतो, त्यामुळं रोज मुक्काम हलवणाऱ्याला कंटाळा येतो. बिबट्याचा वावर असलेल्या भागात रात्री कापडाआड पोरं झोपवायची का, याचाही विचार करा. संगमनेर, अकोल्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

चौथा, कडक भिंतींची ट्रॉली. दार उघडलं की घर तयार. सुरक्षित, पावसाला पक्की. पण तेवढ्याच अंथरुणांसाठी लांबी आणि वजन जास्त.

थोडक्यात, चार-पाच माणसं आणि लांब मुक्काम असेल तर घडीची. तीन-चार माणसं, रोज नवं गाव आणि पावसाळी प्रवास असेल तर १० ते १३ फुटी कडक भिंतींची. यापेक्षा मोठी आपल्या रस्त्यांना घेऊ नये.

वळणाचा हिशेब

इथं आपण शेतकरी शहरवाल्यांच्या पुढं आहोत. दोन चाकी ट्रॉली मागं घेणं ज्याला जमतं, त्याला ही ट्रॉली जमते. नियम तोच. मागं घेताना स्टिअरिंगचा खालचा भाग धरायचा आणि ट्रॉलीचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात सरकवायचा. थोडं फिरवायचं, थांबायचं, बघायचं.

गंमत अशी की फार आखूड ट्रॉली मागं घेणं सोपं नसतं. आखूड ट्रॉली हात लावला की लगेच वाकडी होते, सावरायला वेळ देत नाही. लांब ट्रॉली हळू वळते, पण जागा जास्त खाते. फरक पडतो तो ट्रॉलीच्या पूर्ण लांबीने नाही, तर हुकापासून चाकाच्या आसापर्यंतच्या अंतराने. हे अंतर टेपने मोजा.

पुढं जाताना ट्रॉलीची चाकं गाडीच्या मागोमाग जात नाहीत, वळणात आत कापतात. किती, ते काढता येतं. समजा वळणाच्या मध्यापासून तुमचा हूक २० फुटांवरून गोल फिरतोय. हुकापासून आसापर्यंत ८ फूट असतील तर ट्रॉलीची चाकं सुमारे पावणेदोन फूट आत येतात. १० फूट असतील तर पावणेतीन फूट. १३ फूट असतील तर जवळजवळ पाच फूट. म्हणजे तीन फूट लांबी वाढली की दोन फूट रस्ता जादा लागतो. वस्तीच्या पाणंदीत दोन फूट म्हणजे चारी किंवा शेजाऱ्याचा बांध. भंडारदऱ्याच्या धरणाला वळसा घालणाऱ्या शेंडी, घाटघर, साम्रद, रतनवाडीच्या रस्त्याला समोरून एसटी आली, तर हेच दोन फूट आठवतील.

म्हणून घरून निघायच्या आधी वस्तीच्या रस्त्याचं सर्वात अरुंद वळण टेपने मोजा. फाटकाची रुंदी मोजा. वरून गेलेली विजेची सर्व्हिस वायर आणि झाडाच्या फांद्या किती उंचीवर आहेत ते बघा. ट्रॉलीची रुंदी ओढणाऱ्या गाडीपेक्षा अर्ध्या फुटाच्या वर जास्त नसेल तर आरशात मागचं दिसतं. जास्त असेल तर बाजूला लांब दांड्याचे आरसे लावावे लागतात.

एक चाकी जोडी की दोन? छोट्या ट्रॉलीला एकच आस चांगला. हलका, वळायला सोपा, आणि मुक्कामाच्या जागी हूक सोडून दोन माणसं हाताने ढकलून हवी तशी फिरवू शकतात. पुढच्या टोकाला छोटं चाक असलेला जॅक आहे का ते मात्र बघा.

वजन पुढं की मागं

ट्रॅक्टरच्या दोन चाकी ट्रॉलीत माल मागं जास्त भरला तर हूक उचलला जातो, हे आपल्याला माहीत आहे. ट्रॅक्टर हळू चालतो म्हणून निभावतं. हीच गोष्ट चारचाकीच्या मागं साठच्या वेगाला झाली की ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवी हेलकावे खाते आणि गाडीलाच फिरवते. म्हणून हुकावर थोडं वजन पाहिजेच. युरोपात ट्रॉलीच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के धरतात, अमेरिकेत १० ते १५ टक्के. म्हणजे ७०० किलोच्या ट्रॉलीला युरोपच्या हिशेबाने ३५ ते ५० किलो. गाडीच्या हुकाची मर्यादा यापेक्षा जास्त असली पाहिजे.

मोजायला सोपं आहे. सपाट जागेवर ट्रॉली उभी करा, दांडीचं टोक हुकाच्या उंचीला येईल असं खाली लाकूड लावून घरचा वजनकाटा ठेवा. काट्यावर येईल ते हुकाचं वजन. सामान भरून मोजा, रिकामी नाही. पाण्याची ५० लिटरची टाकी म्हणजे ५० किलो, ती आसाच्या मागं असेल तर सगळा हिशेब बदलतो. गॅसची टाकी, बॅटरी, भांडी, गाद्या धरल्या की रिकामं वजन फसवं ठरतं. जड सामान खाली आणि आसाजवळ, हलकं वर.

हेलकावे सुरू झालेच तर जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग झटकायचं नाही. ॲक्सिलेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा. घाट उतरताना चढताना लागतो तोच गिअर ठेवायचा. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ब्रेक तापतात. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात. आपल्या घाटांत मात्र ब्रेक असलेली मिळत असेल तर तीच घ्यावी.

ओढणारी गाडी कोणती, हाही प्रश्न आहे. गाडीच्या पुस्तकात किती किलो ओढायला परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. ज्या गाडीच्या पुस्तकात हे लिहिलेलंच नाही, ती गाडी ओढायची नाही असं समजून चाला. ट्रॅक्टरची खिळ असलेली हूक-पिन रस्त्यावरच्या वेगाला चालत नाही, त्यात खेळ असतो. गोळ्याचा म्हणजे बॉलचा कपलर आणि सोबत सुरक्षेची साखळी हवीच.

कागद नसतील तर घर रस्त्यावर

सर्वात मोठा धोका इथं आहे. गावातलं वर्कशॉप ट्रॉली बनवतं, मग त्यालाच सांगून स्वस्तात राहायची ट्रॉली करून घेऊ, असं अनेकांना वाटतं. वेल्डिंग चांगलं करेल, शंका नाही. पण मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे सुद्धा वाहन आहे. त्याची नोंदणी लागते, त्याला स्वतःचा नंबर लागतो. नोंदणीसाठी ते मॉडेल मान्यताप्राप्त संस्थेने तपासून मंजूर केलेलं असावं लागतं. अशा तपासण्या करणाऱ्या एआरएआय आणि सीआयआरटी या दोन्ही संस्था पुण्यातच आहेत. म्हणून विकणाऱ्याकडं पहिला प्रश्न किमतीचा नाही, मंजुरीच्या कागदाचा विचारा. कागदाची प्रत घ्या आणि पैसे द्यायच्या आधी ती आपल्या आरटीओत दाखवा. चालवणाऱ्याच्या परवान्याचं आणि विम्याचंही तिथंच विचारून घ्या.

शेतीकामाच्या ट्रॉलीवर पत्र्याची खोली बसवणं हाही उपाय नाही. नोंदणीत लिहिल्यापेक्षा वाहनात बदल करणं कायद्याला धरून नाही. अपघात झाला तर विम्याचा दावा इथंच अडतो, आणि मग घरचा माणूसही जातो आणि कर्जही डोक्यावर राहतं.

आणखी एक, हे हात जोडून सांगतो. ट्रॉली चालू असताना आत कुणीही बसायचं नाही. 'पोरं झोपलीत, झोपू द्या' असं म्हणायचं नाही. आत सीट बेल्ट नाही, पलंगाला धरायला काही नाही, आणि चालवणाऱ्याला आतला आवाज येत नाही. जत्रेला, लग्नाला ट्रॅक्टर-ट्रॉलीत माणसं भरून नेण्याची आपल्याकडं सवय आहे आणि त्याची किंमत अनेक घरांनी मोजली आहे. ही ट्रॉली घरासारखी दिसते म्हणून ती चालताना घर होत नाही.

मुक्कामाला उभी केल्यावर

हूक सोडायच्या आधी चाकाला दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. उतारावर हूक सोडूच नका. चारी कोपऱ्यांचे पाय खाली घेतल्याशिवाय आत कुणी चढायचं नाही, नाहीतर मागच्या कोपऱ्यात दोघं बसले की दांडी वर जाते.

आपल्याकडं थंडीपेक्षा उन्हाचा त्रास जास्त. पत्र्याची एकेरी भिंत असेल तर मे महिन्यात आत बसवत नाही. भिंतीत आणि छतात थर्माकोलसारखा थर आहे का विचारा, छत पांढरं घ्या, समोरासमोर दोन खिडक्या आणि त्यांना डासांची जाळी हवी. रात्री दारं-खिडक्या लावून आत शेगडी किंवा कोळसा पेटवायचा नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही. स्वयंपाक बाहेरच करावा, झोपताना गॅस टाकीवरूनच बंद करावा.

जागा निवडताना नदी-ओढ्याचा काठ टाळा, वर पाऊस झाला की खाली कळत नाही. भंडारदरा, हरिश्चंद्रगड परिसराचा मोठा भाग अभयारण्यात येतो, तिथं वन विभागाला विचारूनच मुक्काम करा. खासगी रानात मालकाला विचारा. कचरा आणि घाण पाणी बरोबर परत न्या, तिथल्या गावाचं पिण्याचं पाणी त्याच ओढ्यातून जातं.

ॲडव्हान्स देण्याआधी

एका कागदावर एवढं लिहून न्या. घरातली माणसं किती, प्रत्येकाची उंची किती, शिडी कुणाला चढत नाही. वस्तीचं सर्वात अरुंद वळण, फाटकाची रुंदी, सर्वात खालची वायर. आपल्या गाडीच्या पुस्तकातलं ओढायचं वजन. ट्रॉलीचं रिकामं वजन, भरलेलं वजन आणि हुकापासून आसापर्यंतचं अंतर. मंजुरीचा कागद आहे की नाही.

मग सगळ्या घराला घेऊन जा. सगळे पलंग उघडायला लावा आणि सगळ्यांना एकदम आडवं पडायला सांगा. दार लावा. आजीला उठून बाहेर जाऊन यायला सांगा. नंतर ट्रॉली आपल्या गाडीला जोडून विकणाऱ्याच्याच आवारात मागं घेऊन बघा. जो हे करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. आणि वर्षातून दहा रात्रीच जाणार असाल तर विकत घेण्याआधी एकदा भाड्याची ट्रॉली घेऊन दोन मुक्काम करून या. दोन रात्रींत घरातली सगळी माणसं खरं काय ते सांगून मोकळी होतात.